कोहकाटोल्याचे अकरा अंगठे

१

"इंदुताई, तुमची माणसं फिरली," असं म्हणून चौकशी अधिकाऱ्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडं सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागले.

मी उभ्यानंच वाचला. "आम्ही खाली अंगठे करणार, राहणार कोहकाटोला, लिहून देतो की नाकेदाराविरुद्धची तक्रार आम्ही देखरेख समितीच्या लोकांनी फूस लावल्यानं केली. ती साफ खोटी आहे." खाली नावं. पोचू वल्द जंगू, सोनीबाई जवजे बुधू, धुरपता बेवा... अशी अकरा, कचेरीच्या भाषेत: वल्द म्हणजे मुलगा, जवजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. प्रत्येक नावापुढं एक काळा अंगठा.

माझं डोकंच फिरलं. सत्तावन्न सालचा मे महिना, चांद्याचं ऊन, आणि त्यात हा कागद!

आमची समिती सरकारी नव्हती. सरकारनं 'लाच बंद' म्हणून जाहीर केलं, जिल्ह्याला चौकशी अधिकारी दिला, तेव्हा आम्ही काही माणसं म्हणालो, छान झालं, आता सरकार खरंच काही करतंय की नुसत्या पाट्या लावतंय ते आपण बघू. लोकांची तक्रार लिहून घ्यायची, कचेरीत द्यायची, आणि तिचं पुढं काय झालं म्हणून दर महिन्याला जाऊन डोकं खायचं, एवढंच आमचं काम. रामाजीभाऊ अध्यक्ष, मी चिटणीस. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळं डोकं खायची सवय होतीच.

कोहकाटोला हे आलापल्लीच्या पलीकडं, आत जंगलातलं खेडं. जमीन जंगलखात्याची, हे लोक तिच्यावर राबणारे. पट्टा दरसाल नवा करायचा, आणि तो नाकेदारानं, म्हणजे तिथल्या जंगलाच्या राखणदारानं, शिफारस केली तरच. म्हणून नाकेदार कोंबड्या घेई, बोकड घेई, आणि स्वतःच्या गावच्या घरासाठी सरकारी सागवान ह्यांच्याकडून फुकट तोडून, वाहून घेई. फेब्रुवारीत अकरा जणांनी जीव मुठीत धरून आमच्याकडं अंगठे दिले. नावं गुप्त राहतील असा शब्द मी दिला होता. मी, माझ्या तोंडानं.

"साहेब, हे अंगठे त्यांचे नाहीत," मी म्हटलं.

"कशावरून? ठसे तपासून यायला महिने जातील. उद्या ते येऊन नाही म्हणतील, परवा पुन्हा हो म्हणतील. मला कागद लागतो, बाई. गुरुवारी सुनावणी ठेवली आहे. तोवर काही दाखवलंत तर ठीक, नाहीतर तक्रार खोटी ठरेल. आणि खोटी तक्रार करणाऱ्यांचे पट्टे खातं रद्द करणार, हेही सांगून ठेवतो."

म्हणजे अकरा घरं पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर.

"आमची तक्रार गुप्त होती. नाकेदाराला ही नावं तुमच्या कचेरीतून गेली!" मी टेबलावर हात आपटला.

साहेब पुण्याकडचे, शांत माणूस. त्यांनी कपाट उघडून आमचा लखोटा काढला आणि समोर ठेवला. त्यावर लाखेच्या पाच मोहरा. पाचही शाबूत.

"तीन महिने मला 'चौकशी चालू आहे' सांगत होतात, आणि फोडलाच नाही?" मी किंचाळलेच.

"वरून आदेश नव्हता," ते ओशाळून म्हणाले. "पण आता तुम्हीच सांगा. नावं माझ्याकडून कशी जातील?"

२

खरं होतं. लखोटा फुटलेला नाही म्हटल्यावर फुटला होता तो आमच्यातलाच कोणीतरी.

मी तडक रामाजीभाऊंकडं गेले. दुसरीकडं कुठं जाणार? बेचाळीस साली दोन वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. माझा नवरा वारला तेव्हा सासरची माणसं मला माहेरी पाठवायला निघाली होती. रामाजीभाऊंनी मला शाळेत लावलं, म्हणाले, "पोरी, रडू नको, शिकव." मी त्यांना बापाच्या ठिकाणी मानायची.

ते ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कोणाकोणाले माहीत होती नावं?" त्यांनीच विचारलं.

"कागद मी लिहिला. कार्बन घालून तीन प्रती केल्या. वरची लखोट्यात, दुसरी शाळेच्या कपाटात, तिसरी तुमच्याकडं."

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याजवळ, एक मुखरूजवळ."

मुखरू म्हणजे कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. समितीचा जुना कार्यकर्ता. कोहकाटोल्याला आमच्या सोबत तोही होता, शाईचा पॅड त्याच्याच हातात होता.

"अन् लखोटा कचेरीत कोणी नेला?"

"लटारूभाऊनं."

लटारूभाऊ सागवानाच्या ठेकेदाराची लारी चालवायचा. कोहकाटोल्यात अंगठे घेतले त्या दिवशी रामाजीभाऊंचा गुडघा सुजला, म्हणून ते आपली प्रत घेऊन दुपारीच त्याच्या लारीतून परतले होते. मी आणि मुखरू दुसऱ्या दिवशी निघालो. पुढच्या फेरीत लटारूभाऊनंच लखोटा पोचवला.

रामाजीभाऊंनी धोतर गुडघ्यावरून खाली ओढलं. मग हळूच म्हणाले, "मले वाईट वाटते सांगाले, इंदू. पण मुखरूच्या जावयाले जंगलखात्यात नोकरी लागून राह्यली म्हणतात. तू पाय बाप्पा काय ते."

"मुखरू? नाही हो भाऊ!"

"मी बी नाईच म्हणत होतो. अन् हे पाय, तू त्या जंगलात नोको जाऊ आता. ऊन लय हाये. गुरुवारी मी बोलतो साहेबासंगं."

मी तशीच मुखरूच्या झाडाखाली गेले. बोरी होती, पेटी होती, मुखरू नव्हता. शेजारचा न्हावी म्हणाला, तो सकाळीच मोटारस्टँडावर गेला. आलापल्लीच्या गाडीनं जायचं म्हणत होता.

३

गाडी सुटायला वेळ होता. मुखरू मागच्या बाकावर पिशवी कवटाळून बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"कुठं चालला मुखरूभाऊ?"

"इथीच... जवळच."

"नाकेदाराकडं?"

त्यानं पिशवी अजूनच घट्ट धरली. मी ती ओढून घेतली आणि तिची गाठ सोडली. आत तुपाचा डबा आणि एक लुगडं.

"हे काय? नजराणा? समितीचा माणूस तू, आणि नाकेदाराच्या बायकोला लुगडं?"

आख्खी गाडी आमच्याकडं बघत होती. मुखरू रडायलाच लागला. "बाई, पोरगी घरी येऊन बसली हाये. जावयाले कामधंदा नाई. नाकेदार म्हणे, माह्या हाताखाली लावून देतो. मी दोनदा गेलो त्याच्याकडं. लाज वाटते मले. दिवसभर लोकाईचे लाच घेनाऱ्यावरचे अर्ज लिहितो, अन् स्वतः लुगडं घेऊन चाललो. पण नावं नाई देल्ली जी! पोरीची आन."

"मग नावं गेली कशी?"

"मले काय मालूम? मी कपाट उघडलंच नाई फेब्रुवारीपासून."

खरं बोलतोय की खोटं, मला कळेना. लाच द्यायला निघालेला माणूस नावं देणार नाही कशावरून? पण मला एक गोष्ट खटकत होती. नावं विकली असती तर नोकरी कधीच लागली असती. मे महिन्यात लुगडं घेऊन पुन्हा पाया पडायला कशाला जाईल तो?

लटारूभाऊ स्टँडासमोरच लारीखाली आडवा होऊन नट पिळत होता. त्याला विचारलं तर तो तिथूनच हसला. "बाई, मले वाचता येते का? लखोट्यात लगनपत्रिका हाय का वारंट हाय, मले सारखंच. देल्ला तसा नेऊन टाकला."

"रामाजीभाऊंना परत आणलं त्या दिवशी वाटेत कोणी भेटलं?"

"कोनी नाई. भाऊ तं पिशवी पोटाशी धरून झोपले होते. बल्लारपूरले उतरले."

"बल्लारपूरला? चांद्याला नाही?"

"नाई. म्हणे, ठेसनवर नागपूरचे पाहुणे हायेत, भेटून येतो."

मी ते मनाच्या कोपऱ्यात टाकलं आणि विसरले. रामाजीभाऊंना पाहुणे काय, शंभर असत. लटारूभाऊ म्हणाला, "मी तिकडंच चाल्लो, या बसा." मला तर गुरुवारच्या आत त्या अकरा जणांना भेटायचंच होतं. मी लारीत चढले. मुखरूचं लुगडं माझ्याच काखेत राहिलं होतं, ते मी जाता जाता त्याच्या मोटारीच्या खिडकीतून त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हटलं, "पोरीला नेस म्हणावं."

४

कोहकाटोल्यात शिरले तर नेहमीसारखं कोणी पुढं आलं नाही. बाया तेंदूच्या पानांची पुडकी बांधत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पोचू तेवढा आला. गावातला हाच नीट मराठी बोलणारा. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं, पण डोळे कोरडे.

"तुम्ही माघारीचा अंगठा दिला?" मी विचारलं.

"नाई."

"कोणी आलं होतं घ्यायला?"

"कोनी नाई. इथी नाकेदार आला. विहिरीपाशी सगळ्यायले उभं केलं अन् कागदावरून नावं वाचली. अकरा. तुमी म्हनलं होतं, कोनाले माहीत नाई होनार."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सोनीबाई समोर येऊन उभी राहिली. चाळिशीची, काटक, कपाळभर गोंदण. तिच्या पायाशी तिचा माणूस बसला होता, कुऱ्हाडीला दांडा बसवत.

"नाकेदार म्हने, आता घर सोडा," ती म्हणाली. "ह्या मानसानं झाडं तोडून तोडून कंबर मोडून घेतली. आता कुठी जावं?"

 मी पोचूला म्हटलं, "नाकेदार नक्की काय बोलला ते सगळं सांग. एकही शब्द सोडू नको."

पोचूनं सांगितलं. मग मध्येच त्याच्या ओठांवर जरासं हसू आलं. "लय भेव होता जी. पन एका जागी सगळे हासले. नाकेदार मंग आनखीनच चिडला, पन काऊन हासलो ते कोनी नाई सांगतलं."

"हसले? का?"

"त्यानं वाचलं, बुधूची बायको सोनीबाई. आता बुधू कोन? आमच्या गावात बुधू नाई. हा तं सोमारी!" त्यानं दांडा बसवणाऱ्या माणसाकडं बोट केलं. "नाकेदाराले आमच्या कोंबड्या मालूम, मानसं थोडीच मालूम."

सोमारीही हसला. मला मात्र हसू आलं नाही. तो बुधू माझ्याच हातचा होता, म्हणून तर कचेरीतल्या कागदावर तो मला खटकला नव्हता.

फेब्रुवारीतली ती दुपार मला आठवली. सोमारी रानात गेलेला, म्हणून सोनीबाईला मी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ती नवऱ्याचं नाव घेईना. बाया घेत नाहीत, मीसुद्धा घेत नसे. इकडं पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव पुष्कळांना असतं. ती लाजत म्हणाली, "आमच्या बाजाराच्या दिवसाचं नाव हाये." माझ्या माहेरी आठवडी बाजार बुधवारचा. मी मोठ्या शहाणपणानं 'बुधू' लिहून मोकळी झाले! त्यांचा बाजार सोमवारचा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी कागद वाचून दाखवला, तेव्हा पोचू असाच हसला होता. मी शाईनं दोन्ही प्रतींवर बुधू खोडून सोमारी केलं, बाजूला सही केली. दोन्ही प्रतींवर. तिसरी प्रत आदल्या दुपारीच भाऊंबरोबर गेली होती. आल्यावर भाऊंना सांगू म्हटलं, आणि परीक्षेच्या पेपरात विसरले.

लखोट्यात सोमारी. शाळेच्या कपाटात सोमारी. मुखरूनं माझ्यासमोर दुरुस्ती बघितलेली, त्यानं तोंडी सांगितलं असतं तरी सोमारीच सांगितलं असतं. खुद्द गावातल्या कोणी फितुरी केली असती तरी सोमारीच. बुधू जगात एकाच कागदावर उरला होता.

"बाई, काऊन रडून राह्यल्या?" पोचूनं विचारलं.

५

बुधवारी दुपारी मी रामाजीभाऊंच्या ओसरीवर चढले. पाया पडले नाही. त्यांनी ते बघितलं.

"तिसरी प्रत दाखवा भाऊ."

"असन कुठीतरी. शोधाव लागन."

"बल्लारपूरच्या ठेसनवर शोधू का?"

त्यांचा तेलाचा हात गुडघ्यावरच थांबला. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सोनीबाई, बाजार, माझी चूक, बुधू. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं मन अजूनही म्हणत होतं, आता ते ओरडतील, म्हणतील, इंदू, तुझी जीभ झडो, कोणी चोरून नेला तो कागद. मी त्या ओरडण्याची वाट बघत होते.

ते म्हणाले, "बस."

"बसत नाही."

"मंत्र्याच्या जवळचे लोक होते ते नागपूरवाले. म्हणे, पयल्या वर्षाच्या अहवालात ह्या जिल्ह्यात एकबी मोठी तक्रार दिसाले नोको. समितीले सरकारी मान्यता भेटन. मले तिचा सरकारी अध्यक्ष करतीन. मंग सगळ्याच नाकेदारावर आपला वचक राहन, इंदू. एक नाकेदार सोडून द्या, बाकीचे दहा धरता येतीन. त्याची बदली करू म्हणाले. कागद नाकेदारालेच देतीन, पट्टे जातीन, हे मले नाई सांगतलं त्यायनं."

"तुम्ही विचारलं होतं?"

ते पुन्हा गुडघा चोळायला लागले.

"अकरा माणसांची नावं तुम्ही दिली. मी त्यांना शब्द दिला होता, तो कोणाच्या जिवावर दिला होता? तुमच्या! लाच घेऊ नका म्हणून तुम्ही जन्मभर ओरडलात, आणि खुर्ची दाखवली तर हपापलात? अहो, त्या मुखरूनं निदान पोरीसाठी तूप नेलं. तुम्हाला काय कमी होतं?"

"आपलंच सरकार हाये, इंदू. आपनच त्याच्यासाठी जेलात गेलो. पयल्याच वर्षी त्याले उघडं पाडाव?"

मला त्यांची कीव आली आणि त्याचाच जास्त राग आला. पंधरा वर्षं मी ह्या माणसाच्या शब्दावर चालले होते. तुरुंगातून आलेली त्यांची पत्रं मी वर्गात वाचून दाखवायची. आता शाळेत कोणत्या तोंडानं उभी राहू?

ते काठी टेकत उठले. माझ्यापुढं त्यांनी हात जोडले. "एक कर. उद्या म्हण का नाव चुकलं हाये, म्हणून माघारीचा कागद खोटा. तेवढ्यानं त्यायचे पट्टे वाचतीन. कुठून चुकलं ते नोको सांगू. समिती जगन. माहं नाव राहन."

त्या जोडलेल्या हातांकडं बघून मी ओसरीवरून खाली उतरले.

६

गुरुवारी लटारूभाऊ अकराही जणांना लारीत घालून घेऊन आला. ठेकेदाराला काय सांगितलं त्यानं, देव जाणे. कचेरीच्या व्हरांड्यात ते सगळे ओळीनं बसले. मुखरू मागं उभा होता. नाकेदार इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या खुर्चीत, आणि त्याच्याशेजारी, समितीचे अध्यक्ष म्हणून मानानं बसवलेले, रामाजीभाऊ.

"साहेब, लखोटा फोडा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

साहेबांनी मोहरा तोडल्या.

"सोनीबाईच्या नवऱ्याचं नाव वाचा."

"बुधू... खोडलेलं आहे. सोमारी. बाजूला तुमची सही, तारीख."

"आता माघारीचा कागद वाचा."

साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला. सोमारी आपणहून उभा राहिला आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. जंगलखात्याच्या पट्ट्याच्या यादीतही सोमारीच निघालं. जी बाई स्वतः उभी राहून माघार लिहून देते, ती परक्या माणसाची बायको म्हणून कशाला देईल? नाकेदार म्हणाला, कारकुनाची चूक असेल. साहेबांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. मग माझ्याकडं वळले.

"पण हे बुधू नाव आलं कुठून, इंदुताई? तुमच्या लखोट्यात ते खोडलेलं आहे, आणि लखोटा तर बंद होता."

 रामाजीभाऊ माझ्याकडं बघत होते. मला त्यांच्या काठीचं टोक तेवढं दिसत होतं, वर बघायचा धीर नव्हता. ओळीत बसलेल्या सोनीबाईकडं मी बघितलं. ती काय चाललंय ते पोचूकडून समजून घेत होती.

"माझ्या चुकीतून आलं," मी म्हटलं. "ती चूक न दुरुस्त केलेला एकच कागद आहे. तो आमच्या अध्यक्षांकडं होता. त्यांनी तो दिला."

 काठी शोधायला रामाजीभाऊंना वेळ लागला. ते व्हरांड्यातून उतरून गेले तेव्हा कोणी त्यांना वाट दिली नाही आणि कोणी अडवलंही नाही.

साहेबांनी माघारीचा कागद रद्द केला. पट्ट्यांना हात लावायचा नाही म्हणून लेखी दिलं. सोमवारी स्वतः कोहकाटोल्याला जाऊन सागवानाची तोड बघतो म्हणाले. नाकेदाराचे कपडे घामानं भिजले होते. जिंकलो होतो आम्ही. मी मात्र पायरीवर बसून हमसून हमसून रडत होते.

सोनीबाई येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"तो मानूस तुमचा होता नं?"

"हो."

"मंग तुमी काऊन रडता? घर तं आमचं जात होतं."

मी पदरानं तोंड पुसलं.  उठले आणि पोचूला म्हटलं, "सोमवारी मीही येते साहेबांसोबत. ते नीट चौकशी करतात की नाही बघायला हवं."

पोचूनं सोनीबाईकडं बघितलं. दोघं गोंडीत काहीतरी बोलले. मग पोचू खाली बघत म्हणाला, "तुमी नोका येऊ बाई. साहेब येऊ द्या."

"अरे, पण साहेबांवर नजर कोण ठेवणार?"

ह्या वेळी सोनीबाईच बोलली. पोचूकडं न बघता, मराठीत.

"आमी ठेऊ," ती म्हणाली, आणि लारीकडं चालायला लागली.